सोयरू मेस्ताची न्हाणी

काम ठरवायला आलेला माणूस आधी आपली बढाई सांगतो. अमक्या डॉक्टरचं घर मी केलं, तमक्याच्या भिंतीला वीस वर्षांत चीर नाही, असं काहीबाही. सोयरू मेस्त आमच्या साखळीच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा सोप्यावर टेकला, चहाचा कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. म्हणाला,

"टीचर, काम घेवच्या आदी एक गजाल सांगूची आसा. पार्सेक एका घरात मी न्हाणी बांधलंय. त्या न्हाणयेत घरची नवी सून मेली. वाऱ्याचां भोंक माज्याच हातान बुजवलेलां. ह्यां आयकून काम माकाच दिवचां आसात तर सांगा. नाय तर चाय पिवन मी जातंय."

शाळेत तीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलं. मला गप्प बसवणारी माणसं थोडी. त्या दिवशी मात्र मी आणि आतल्या दारात हात गळ्यात बांधून उभी असलेली माझी आई, दोघी गप्प झालो. आई ब्याऐंशीची. जुन्या न्हाणीत शेवाळावरून घसरून तिचं मनगट मोडलं होतं, म्हणून तर मेस्ताला बोलावलं होतं. मेस्त म्हणजे आमच्याकडे गवंडी, सुतार, नळवाला, हातांनी घर उभं करणारा कोणीही. सोयरू फक्त न्हाण्या बांधायचा. पूर्वी तो सगळी कामं करायचा म्हणे, पण आता कोणी खोली वाढवून मागितली तर दुसऱ्या मेस्ताचं नाव सांगून मोकळा व्हायचा.

शेवटी आईच म्हणाली, "खोटां बोलणाऱ्यापरस बरो. चाय निवता, पी."

उंच, वाळकुडा, मान जरा पुढे काढून चालणारा माणूस. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, नखांच्या कडा सिमेंटने पांढऱ्या. आपल्याबद्दल लोक वाईट बोलतात हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यांच्याआधी आपण बोलून टाकावं असा त्याचा हिशेब होता. मला आधी हे ढोंग वाटलं. मी तिरसट आहे, चांगुलपणा दिसला की आधी उलटून बघते. पुढे नऊ वर्षं त्याला बघितल्यावर माझा तो संशय फिटला.

पार्सेची गोष्ट मी त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली. तो कधी सलग सांगत नसे आणि विचारलं तर कधी टाळत नसे.

पेडण्यात काय नि डिचोलीत काय, चवथ जवळ आली की आमच्याकडे सगळ्यांना सगळं नवं हवं असतं. गणपतीला पणजीचे, मुंबईचे भाऊबंद मूळ घरात येणार, तीस-तीस पानं उठणार, म्हणून श्रावणभर लोक मेस्तांच्या मागे हात धुऊन लागतात. पार्सेच्या त्या घरात जुनी न्हाणी होती, चुलीवर तांब्याचं भाण बसवलेली, कौलांतून धूर जाणारी. ती मोडून सोयरूने घराला लागून नवी बांधली. लाद्या बसवल्या, गॅसचा गिझर लावला, आणि वर भिंतीत वीतभर रुंद भोक ठेवलं. गिझर जळताना आतली हवा खातो आणि जो वायू सोडतो त्याला वास नाही, रंग नाही. त्याला बाहेर जायला वाट हवी, हे सोयरूला पक्कं ठाऊक होतं.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी घरच्या सासूने त्याला परत बोलावलं. भोक मागच्या अंगणात उघडत होतं. उद्या त्या अंगणात पुरुषमाणसं नारळ सोलायला बसणार. सुनेची ही पहिलीच चवथ, तिच्या माहेरचे वझें घेऊन येणार. मुलीच्या पहिल्या चवथीला माहेराहून नेवऱ्या, लाडू, फळं अशा करंड्या भरभरून सासरी येतात, त्याला आम्ही वझें म्हणतो. एवढी माणसं जमणार आणि सून न्हाते तिथे भिंतीला भोक, हे सासूला बघवेना. "दोन दिसांची गजाल. चवथ जाली काय परत फोड," ती म्हणाली. बाहेरून पत्र्याचा आडोसा ठोकला असता तरी भागलं असतं. पण पत्रा म्हापशाहून आणावा लागला असता आणि आणखी दोन घरं सोयरूची वाट बघत होती. त्याने उरलेल्या दोन लाद्यांनी भोक बंद केलं, "मदीमदी दार उक्तां दवरात" असं सांगितलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्या न्हाणीत एकामागून एक सोळा माणसं न्हाली. पूजेला बसणारा, रांधणाऱ्या बायका, पाहुणे, पोरं. एक बाहेर आला की दुसरा आत. दार उघडं ठेवायला कोणाला सवड होती! सगळ्यांना बाल्दी नि तुवालो देऊन सून शेवटी गेली. तिला डोक्यावरून न्हायचं होतं आणि केस लांब होते. ती आत असतानाच माहेरचं वझें दारात आलं. तिच्या आईने विचारलं, "खंय आमचां चेडू?" कोणीतरी सांगितलं, न्हाता. आईला बसायला दिलं, चहा दिला. ती करंड्या पायाशी ठेवून लेकीची वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने दार वाजवलं गेलं. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि मुलगी दारालाच टेकून पडलेली. कडी तोडल्यावरही दार ढकलता येईना.

पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून कागद केला. भोकाबद्दल घरच्यांनी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा सोयरू आपणहून चौकीवर गेला आणि म्हणाला, भोक मी बुजवलं. तिथल्या हवालदाराने त्याला पाणी दिलं आणि घरी जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. चौथ्या दिवशी त्याला फाटकातच अडवलं. मग तो दोडामार्गाकडच्या एका गावी मुलीच्या आईकडे गेला. तिने आरडाओरडा केला नाही, बस म्हणाली नाही. फक्त एवढंच विचारलं, "तिणां हाक मारल्यान आसतली काय रे?"

मला हे सांगताना सोयरू नळाखाली थापी धूत होता. धुऊन झालेली थापी त्याने परत धुतली. त्या वर्षी पार्से सोडून तो बायकोच्या माहेरी, लाटंबार्सेला, येऊन राहिला.

आता आमच्या न्हाणीचं सांगते. पहिल्या दिवशी त्याने कामाला हातच लावला नाही. बाल्दी उलटी घालून जुन्या न्हाणीत बसून राहिला. मग आईला म्हणाला, "मावशे, कापडां नेसून आसंस तशीच भितर ये आनी न्हातंस तशी हात-पाय हालय." आई लाजली, मग चिडली, मग गेली. कोरड्या न्हाणीत, लुगड्यासकट, न्हाण्याचं नाटक करणारी माझी आई आणि खडू हातात घेऊन तिच्या मागे मागे फिरणारा हा बाबा, हे बघून मला हसू आवरेना. स्टुलावरून उठताना आईचा हात आपसूक भिंतीवर जिथे गेला तिथे त्याने फुली मारली. पाय धुवायला वाकताना गेला तिथे दुसरी. दाराशी वळताना तिसरी. अशा पाच फुल्या. नेमक्या तिथेच त्याने स्टीलचे दांडे बसवले, आणि ते भिंतीत इतके खोल पुरले की माझ्या भावाने लोंबकळून बघितलं तरी हलले नाहीत.

भाऊ म्हणजे सुरेश, पणजीला असतो. तो म्हापशाहून आरशासारख्या चकचकीत लाद्या घेऊन आला होता. सोयरूने त्यातली एक अंगणात ठेवली, तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि म्हणाला, "दादा, हेच्यार उबे रवा." सुरेशला पंचवीस माणसांवर साहेबी करायची सवय. तो ऐटीत उभा राहायला गेला आणि सरळ तुळशीपाशी जाऊन बसला. लाद्या परत गेल्या. पुढे वर्षभर सुरेश कंबर दुखली की सोयरूच्या नावाने खडे फोडायचा.

खरं भांडण झालं ते आईशी. तिला न्हाणीला उंबरठा हवा होता, सोयरू म्हणे तिथेच पाय अडकून म्हातारी माणसं पडतात. पाणी बाहेर येणार नाही इतका उतार मी देतो. यावर आई कशीबशी वळली. पण कडीवर अडून बसली.

"भितर कडी नाय तर मी न्हावचंय नाय," ती म्हणाली. "बायलमनशाक लज नाय?"

"लज आसा गे मावशे," सोयरू म्हणाला. "त्याच लजेन पार्सेचां चेडू गेलां."

मग त्याने अशी कडी आणली की आतून लागायची, पण बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडायची. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं. गिझर विजेचा घेतला, त्याचं बटण न्हाणीबाहेर, आणि घराचं अर्थिंग परवानेवाल्या वायरमनकडून तपासून त्याची सही घेतल्याशिवाय जोडणी करू दिली नाही. सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून नियमाइतका लांब खणला, नगरपालिकेची परवानगी काढायला मलाच तीन खेपा घालायला लावल्या. मी कुरकुरले तर म्हणाला, "कागद पोलिसांक, टीचर. भोंक मनशाक. माका दोनय जाय."

भोक अर्थातच ठेवलं. गॅस नसतानाही ठेवलं. जाळी लावलेलं, झाकण नसलेलं, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून बाहेरून उतरत्या फरशीची पापणी केलेलं. वीज अंगाला लागायच्या आत बंद करणारं एक यंत्र त्याने मुख्य बोर्डात बसवून घेतलं होतं, त्याला तपासणीचं बटण असतं. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन यायचा. "बटण दाबलात?" मी हो म्हणायची. "खरां सांगा." मग मी जाऊन दाबायची.

नारळी पुनव झाली की सोयरूची फेरी सुरू व्हायची. आयुष्यात जिथे जिथे त्याने न्हाणी बांधली त्या प्रत्येक घरी तो जुन्या स्कूटरवरून जायचा. सावंतवाडी रस्त्यापासून साखळीपर्यंत, चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत. न्हाणीचं दार लावून आत उभा राहायचा, अगरबत्ती पेटवून भोकापाशी धरायचा आणि धूर कुठे जातो ते बघायचा. धूर बाहेर ओढला गेला की अगरबत्ती विझवून खिशात घालायचा आणि पुढच्या घरी. एका घरातली आजी तर तो आला की हात जोडून मागे उभी राहायची. तिला वाटे, मेस्त न्हाणीची पूजा करतो. सोयरूने तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. निदान ती भोक झाकणार नाही, एवढंच त्याला पुरे होतं.

लोक भोकं झाकायचे. कुणी पालीसाठी, कुणी थंडीसाठी, कुणी शेजारची खिडकी समोर येते म्हणून. जुनी पोती, प्लास्टिक, निवडणुकीचे फलक, जे मिळेल ते आत कोंबायचे. सोयरू शिडी मागायचा आणि काढायचा. कुठे चहा मिळायचा, कुठे शिव्या. मलाही सुरुवातीला ही फेरी जरा अतीच वाटायची, आणि मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "चवथीक घरात माणसां वाडतत. न्हाणी तितकीच रवता."

डिचोलीजवळच्या एका घराने त्याला कायमचं बुडवलं. घरमालकाचे खनिजाचे ट्रक होते, आता खाणी बंद म्हणून ट्रक उभे होते पण घरात पैसा होता. सोयरूने बांधलेल्या न्हाणीत त्याने खोटं छत करून भोक बंद केलं, वर पंखा बसवला, आणि सोयरूने बाहेर ठेवलेला गॅसचा गिझर आत घेतला. पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा कोणी लावत नसे. सोयरूने अगरबत्ती धरली, धूर छताखाली फिरत राहिला. घरात दोन लहान मुली होत्या. त्याने सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, खिशात घातला आणि चालता झाला.

चोरीची तक्रार झाली. मला फोन आला तेव्हा तो चौकीवर बाकावर बसला होता, रेग्युलेटर मुठीत. मी गेले. मालक तिथे उभाच होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "ह्या मनशान पार्सेत एक चेडू मारल्यान आनी आता आमका शिकवंक येता!"

माझं डोकं फिरलं. मी त्याला चार शब्द सुनावणार, इतक्यात सोयरू उठून उभा राहिला.

"तेचां खरां आसा," तो म्हणाला. "म्हणानच सांगतंय. गिझर भायर काडा. चेडवां ल्हान आसत तुमची."

मालकाने हसून मान फिरवली. पोलिसांनी रेग्युलेटर परत द्यायला लावला, समज देऊन सोडलं. त्या मालकाने गिझर बाहेर काढला की नाही, मला माहीत नाही. सोयरू पुढे कित्येक आठवडे पेपर आला की आधी मरणाच्या बातम्या वाचायचा. आणि ही गोष्ट गावोगाव पसरली. न्हाणीत माणूस मेला हे तो स्वतः सांगायचा तेव्हा लोकांनी काम दिलं होतं. तेच एका पैसेवाल्याने चौकीवर सांगितलं, तर कामं बंद झाली. मला आपल्या लोकांची त्या वेळी फार चीड आली, अजून येते.

आई पुढे चार वर्षं त्या न्हाणीत न्हाली. रोज त्या पाच दांड्यांना धरून. ती गेली तेव्हा सोयरू आला, दारात चपला काढल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खंय गेली?"

"खाटेर," मी म्हटलं. "झोपेत."

त्याने डोळे मिटले आणि श्वास सोडला. आलेल्या माणसांना ते विचित्र वाटलं असेल. मला नाही वाटलं.

त्यानंतरच्या एका वर्षी चवथ आली आणि सोयरू फिरकला नाही. एक तारखेचा फोनही आला नाही. मी लाटंबार्सेला गेले. काजूच्या भाटाला, म्हणजे बागेला, लागून, शेताच्या वरच्या अंगाला त्याचं घर. त्याची बायको जयवंती खाटेवर होती, मांडीचं हाड मोडलेलं. विहिरीकडच्या दगडावरून न्हाताना पाय घसरला होता. तेव्हा मला कळलं की सोयरूच्या घराला न्हाणीच नव्हती. गावभर न्हाण्या बांधणारा हा माणूस आणि त्याची बायको इतकी वर्षं विहिरीपाशी, झावळ्यांच्या आडोशाला, पावसातही न्हात होती.

"बांध म्हणान किती फावटी सांगलंय," जयवंती म्हणाली. "घरात चार भिंती उब्यो करूक भियेता तो."

सोयरू खाली मान घालून बसला होता. मी त्याला बरंच काही बोलले. मला त्याची कीव आली होती आणि कीव आली की मी रागावते. तो म्हणाला, "तिका म्हणान बांधूक जाय. बांधतंय."

त्याने बांधली. तशी न्हाणी मी साऱ्या गोव्यात पाहिली नाही. भिंतीला समोरासमोर दोन भोकं, बसायला भिंतीतूनच काढलेला ओटा, जमीन खरखरीत आणि बाहेरच्या जमिनीशी सपाट, म्हणजे तिची चाकांची खुर्ची थेट आत जाईल. जयवंतीला उठवून खडूच्या फुल्या मारायची गरजच नव्हती, तिचा हात कुठे जातो हे त्याला पाठ होतं. पाणी तापवायची चूल लांब, अंगणाच्या टोकाला. तिथून तो बाल्दी भरून आणून द्यायचा. दाराला कडीच नव्हती. नुसतं ओढून घ्यायचं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा जयवंती आत न्हात होती. सोयरू दाराबाहेर कदेलीवर, म्हणजे हातांच्या खुर्चीवर, बसला होता. मला बघून त्याने हाताने बस अशी खूण केली आणि हाक मारली,

"गे!"

"आसंय," आतून आवाज आला.

तो माझ्याशी दोन वाक्यं बोलला. मग पुन्हा "गे!" पुन्हा आतून "आसंय." एवढ्याशा वेळात सात-आठ वेळा. तिचा आवाज दर वेळी जरा तुटक होत गेला. मग एकदा त्याने हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

त्याने परत मारली. नाही.

मी सोयरूकडे बघितलं. आता हा उठेल आणि दार उघडेल. त्या दाराला कडी नव्हती, बोटाने ओढलं तरी उघडलं असतं. पण तो उठला नाही. कदेलीचे हात धरून बसला होता, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी उठले आणि दार ओढलं.

जयवंती ओट्यावर बसली होती. अंगावर ओला पंचा, हातात तांब्या, सगळं ठीक. माझ्याकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टीचर, एक दिस तरी माका निवांत न्हावंक दी म्हणान सांगा तेका," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी आंगार घेतंय आनी आसंय म्हणतंय. साबांव लायतंय आनी आसंय म्हणतंय. मी न्हाऊ काय जिती आसंय तां सांगत बसू?"

मी दार लोटलं आणि बाहेर आले. सोयरूला म्हटलं, बऱ्या आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्या दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे मला कळलं नाही, आणि मी चहा न घेता निघाले.

गेल्या पावसाळ्यात सोयरू गेला. इस्पितळात, छातीच्या दुखण्याने, दोन दिवसांत. जयवंती आता भावाच्या मुलाकडे असते. पण मी त्याला शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या वैशाखात, काजू संपत आले होते तेव्हा. सकाळची वेळ होती. मी पोचले तेव्हा जयवंती तुवालो मांडीवर घेऊन न्हाणीकडे निघाली होती. खुर्ची तिची तीच ढकलत होती. मला बघून हसली.

"आता हाक मारणा नाय," ती म्हणाली. "बाल्दी दवरता आनी भाटात जाता."

सोयरूने गरम पाण्याची बाल्दी आत नेऊन ठेवली. बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चला, टीचर, खाली जावया." जयवंतीने दार ओढून घेतलं. आम्ही काजूच्या झाडांतून उतरत गेलो. तो भरभर चालत होता. मला वाटलं भाटाच्या कडेला थांबेल, पण तो तसाच शेतात उतरला आणि पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. तिथून घर नुसतं कौलांएवढं दिसत होतं.

"हयसर काय आयकूक येणा नाय," तो म्हणाला.

त्याने घराकडे पाठ केली. हात मागे बांधले, सोडले, परत बांधले. ऊन चढत होतं. मी आईच्या श्राद्धाचं काहीतरी बोलायला लागले, पण तो ऐकत नाही हे बघून थांबले. खालच्या शेतात बगळे उतरले होते. तो त्यांच्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. त्याच्या मानेवरून घाम शर्टाच्या गळ्यात उतरत होता.

"किती येळ जालो?" त्याने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं."

"बरां," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.